पुनर्वसनकाळातील खांद्याच्या हालचालींचे दूरस्थ मापन : पद्धती, अचूकता आणि मर्यादा

प्रस्तावना

खांद्याच्या विकारावर उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या कागदपत्रांत वेदनेच्या नोंदीइतकीच महत्त्वाची असणारी दुसरी नोंद म्हणजे हालचालीच्या कक्षेची, म्हणजेच हात कोणत्या दिशेने किती अंशांपर्यंत जातो याची. व्यायाम वाढवावा की थांबवावा, सांध्यात इंजेक्शन द्यावे का, भूल देऊन आखडलेला सांधा मोकळा करावा का, रुग्णास कामावर परत जाऊ द्यावे का, हे निर्णय बऱ्याच अंशी या आकड्यांवर अवलंबून असतात. आजवर हे आकडे भौतिकोपचारतज्ज्ञ स्वतःच्या हाताने, रुग्णास समोर बसवून घेत आला. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे दवाखान्यांची दारे बंद झाली आणि व्हिडिओ कॉलवरून व्यायाम शिकवणे ही सोय न राहता गरज बनली. साथ ओसरली तरी ही पद्धत पूर्णतः मागे पडली नाही. कारण तिचे खरे कारण साथ हे नव्हतेच. आखडलेला खांदा, ज्यास सर्वसामान्यपणे फ्रोझन शोल्डर असे म्हणतात, तो सुटण्यास एक ते तीन वर्षे लागू शकतात. इतक्या दीर्घ काळात तालुक्याच्या गावाहून शहरात दर आठवड्यास येणे, तेही एका हाताने एस.टी.चा दांडा धरून, बहुतेकांना परवडणारे नसते.

हा विकार मधुमेही व्यक्तींमध्ये इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक आढळतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, हे लक्षात घेता प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. प्राचीन वैद्यकासही हा विकार अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या वर्णनात ‘अवबाहुक’ या नावाने हात उचलता न येण्याच्या अवस्थेचा उल्लेख आहे. नवी आहे ती केवळ मापनाची जागा. दवाखान्यात घेतलेला १२० अंशांचा आकडा आणि घरून मोबाइलवर आलेला १२० अंशांचा आकडा हे एकच आहेत काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खांद्याची रचना आणि एका कोनाची अपुरेपणा

गुडघ्याचे मापन तुलनेने सोपे आहे, कारण तो मुख्यत्वे एकाच प्रतलात वाकतो. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा गोल माथा आणि खांद्याच्या पात्यावरील उथळ खोबण यांचा मुख्य सांधा, पाते आणि हासळीचे हाड यांचा सांधा, हासळीचे हाड आणि छातीचे मधले हाड यांचा सांधा, आणि या तिन्हींच्या जोडीला छातीच्या पिंजऱ्यावरून घसरणारे पाते, अशा चार ठिकाणच्या हालचालींची बेरीज म्हणजे ‘हात वर करणे’ होय. हात पूर्ण १८० अंश वर जातो तेव्हा त्यातील सुमारे १२० अंश मुख्य सांध्याचे व सुमारे ६० अंश पात्याचे असतात. इनमन, साँडर्स आणि अ‍ॅबट यांनी १९४४ मध्ये या दोन व एक अशा प्रमाणाचे विवेचन केले. हे प्रमाण प्रत्येक व्यक्तीत आणि हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर तंतोतंत राहत नाही. पण त्यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. मुख्य सांधा आखडलेला असताना पाते अधिक फिरवून रुग्ण हात बराच वर नेऊ शकतो. म्हणजेच बाहेरून दिसणारा कोन वाढला तरी रोगग्रस्त सांधा जेथल्या तेथेच असू शकतो.

दुसरी अडचण भूमितीची आहे. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव रूढ करणारे बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक विरोधाभास कोणालाही करून पाहता येतो. उजवा हात सरळ खाली सोडून तळहात मांडीकडे ठेवावा. हात मुद्दाम न पिळता समोरून डोक्यावर न्यावा आणि तेथून बाजूने खाली आणावा. हात मूळ जागी परत येतो, परंतु तळहात मांडीकडे न राहता बाहेरच्या बाजूस वळलेला असतो. कोणीही फिरवलेला नसताना दंड स्वतःभोवती अर्धा फेरा फिरला! खांद्याच्या बाबतीत केवळ ‘किती अंश’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणत्या प्रतलातून, कोणत्या स्थितीत, हेही सांगावे लागते, ते यासाठी.

व्यवहारात पाच हालचाली नोंदल्या जातात. समोरून वर नेणे आणि बाजूने वर नेणे यांची प्रचलित सामान्य मर्यादा १८० अंश, मागे नेण्याची ६० अंश, दंड स्वतःभोवती बाहेरच्या दिशेने फिरवण्याची म्हणजे बाह्य परिभ्रमणाची ९० अंश आणि आतल्या दिशेने फिरवण्याची ७० अंश मानली जाते. घरातील बहुतेक कामांना हे सर्व अंश लागत नाहीत. फळीवरचा डबा काढणे, केस विंचरणे, पाठीमागे हात नेऊन पोलक्याचे हूक लावणे, यांपैकी पहिल्या दोहोंसाठी सुमारे १२० अंशांपर्यंतची उचल पुरते. तिसऱ्यासाठी मात्र अंतःपरिभ्रमण लागते आणि तेच अनेकदा सर्वांत शेवटी परत येते.

तुलनेचा निकष : गोनिओमीटर

दूरस्थ पद्धतीचा कस ज्याच्याशी तुलना करून लावला जातो ते साधन म्हणजे दोन पट्ट्या आणि मध्ये अंशांची चकती असलेला गोनिओमीटर. बाजूने उचल मोजताना त्याचा मध्य खांद्याच्या सांध्यावर, एक पट्टी धडाच्या रेषेत आणि दुसरी दंडाच्या रेषेत कोपराकडे धरली जाते. साधन साधे असले तरी ते निर्दोष नाही. एकाच तज्ज्ञाने एकाच रुग्णाचे लागोपाठ दोनदा मापन केले तरी सुमारे ५ अंशांचा फरक येणे सामान्य समजले जाते, आणि तज्ज्ञ बदलला तर तो आणखी वाढतो. दूरस्थ मापनात चूक आहे एवढे म्हणून चालत नाही ते याचमुळे. प्रत्यक्ष मापनातील चुकीपेक्षा ती किती अधिक आहे आणि ती कोणत्या दिशेने झुकते, हे पाहावे लागते. दिशेचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

दूरस्थ पद्धती

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे व्हिडिओ कॉलवर पाहून अंदाज करणे. अनुभवी नजर ९० अंश आणि १२० अंश यांतील भेद सहज ओळखते. ११० आणि १२० यांतील भेद ती खात्रीने ओळखू शकत नाही. थेट कॉलमध्ये आणखी एक दोष असतो. इंटरनेटचा वेग कमी झाला की चित्र पुसट होते, मधल्या चौकटी गळतात आणि हात नेमका सर्वांत वर असतानाचा क्षणच हरवतो. त्यापेक्षा रुग्णाने हात टोकाच्या स्थितीत दोन-तीन सेकंद स्थिर धरावा, घरातील कोणी त्याचे छायाचित्र काढावे आणि तज्ज्ञाने त्यावर रेषा आखून कोन मोजावा, ही पद्धत अधिक विश्वसनीय ठरते. येथे तंत्रज्ञानापेक्षा शिस्तीचा वाटा मोठा आहे.

दुसरा गट फोनमधील संवेदकांचा. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक असतो आणि फोन स्थिर असताना तो गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवतो. गवंड्याचा ओळंबा जे काम करतो तेच हे काम होय. फोन दंडावर पट्ट्याने बांधला की दंड उभ्या रेषेपासून किती कलला हे अंशांत मिळते. शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकास दोरा व वजन बांधूनही हीच मोजणी करता येते. फोनने ती सुलभ केली इतकेच. हात कोणत्या प्रतलातून वर गेला याचा या मापनावर परिणाम होत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. मनगटावर किंवा दंडावर बांधावयाच्या स्वतंत्र संवेदकांत त्वरणमापकासोबत जायरोस्कोप आणि चुंबकत्वमापकही असतात. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो. त्यातून कोन काढण्यासाठी तो वेग क्षणाक्षणाने बेरजेत धरावा लागतो आणि त्यासोबत बारीक चुकाही बेरजेत येतात. चुंबकत्वमापक ही चूक सावरतो खरा, पण जवळ लोखंडी पलंग किंवा गोदरेजचे कपाट असले की त्याचीच दिशाभूल होते. आपल्याकडील घरांत या दोन वस्तू क्वचितच नसतात.

तिसरा गट कॅमेऱ्यावरून आपोआप कोन काढणाऱ्या प्रणालींचा. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये खेळासाठी बाजारात आणलेला किनेक्ट हा खोली मोजणारा कॅमेरा पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी पुष्कळ वापरला. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये आणि २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या पुढील आवृत्तीचे २०२३ मध्ये थांबले. दरम्यान साध्या चित्रावरून शरीराचे सांधे ओळखणाऱ्या संगणकीय प्रारूपांनी त्याची जागा घेतली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ओपनपोझ २०१७ मधील, तर गूगलचे ब्लेझपोझ २०२० मधील. ब्लेझपोझ शरीरावरील ३३ बिंदू फोनवरच शोधते. या बिंदूंत खांदा, कोपर, मनगट, नितंब आहेत, परंतु खांद्याच्या पात्यासाठी एकही बिंदू नाही. पाते अधिक फिरवून मिळवलेली उचल आणि मुख्य सांध्याची खरी उचल यांतील भेद अशा प्रणालीस तत्त्वतःच दिसू शकत नाही. शिवाय साडीचा पदर किंवा सैल सदरा असेल तर खांद्याचा बिंदू हा प्रणालीने केलेला तर्क असतो.

याखेरीज एक जुनी, विनाखर्चाची पद्धत आहे. रुग्णाने भिंतीकडे बाजू करून उभे राहावे, हात बाजूने वर सरकवावा आणि बोटे जेथे पोचतील तेथे खडूने खूण करावी. दर आठवड्याची खूण मागील खुणेच्या वर गेली की रुग्णास प्रगती दिसते. उत्साह टिकवण्यास ही पद्धत उत्तम, पण तिच्यात एक फसवणूक दडलेली आहे. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर ६५ सें.मी. धरले तर हात ९० वरून १०० अंशांवर गेल्यास खूण सुमारे ११ सें.मी. वर जाते, तोच हात १६० वरून १७० अंशांवर गेल्यास ती जेमतेम ३ सें.मी. सरकते. शेवटच्या टप्प्यात तितकेच कष्ट घेणाऱ्या रुग्णास आपली प्रगती थांबली असे वाटू लागते. व्यायाम सोडून देण्याचा धोका याच टप्प्यावर असल्याने ही गोष्ट त्यास आधीच समजावून सांगणे इष्ट ठरते.

कॅमेरा आणि प्रतल

छायाचित्र किंवा चित्रफीत यांवरून कोन काढताना होणारी सर्वांत मोठी चूक कॅमेऱ्याच्या दर्जामुळे होत नाही. ती हात आणि कॅमेरा यांच्या परस्परस्थितीमुळे होते. हात वर उचलण्यास सांगितल्यावर बहुतेक माणसे तो अगदी बाजूने उचलत नाहीत. पात्याच्या स्वाभाविक कलानुसार सुमारे ३० अंश पुढून उचलतात. वेदना असल्यास ही प्रवृत्ती अधिक वाढते. कॅमेरा मात्र समोर, सरळ ठेवलेला असतो. अशा वेळी चित्रात दिसणारा कोन खरा नसतो. कॅमेरा पुरेसा दूर आहे असे धरल्यास दिसणाऱ्या कोनाचे टँजंट हे खऱ्या कोनाच्या टँजंटला प्रतलातील फरकाच्या कोसाइनने गुणल्याइतके येते.

आकड्यांत पाहता, हात ३० अंश पुढून उचलला असता खरा ६० अंशांचा कोन चित्रात ५६ दिसतो आणि खरा १२० अंशांचा कोन १२४ दिसतो. फरक ४५ अंशांचा असेल तर ६० चे ५१ आणि १२० चे १२९ होतात. नेमक्या ९० अंशांवर चूक शून्य असते. म्हणजेच क्षितिजरेषेच्या खाली ही चूक रुग्णास वाईट दाखवते आणि वर गेल्यावर चांगले दाखवते. उपचाराच्या मध्यावर असलेल्या रुग्णाचे आकडे प्रायः ९० च्या वरच असतात. त्यामुळे दूरस्थ छायाचित्रांचा कल प्रगती फुगवून दाखवण्याकडे राहतो.

याचा उलट परिणाम अधिक त्रासदायक आहे. समजा, पहिल्या आठवड्यात रुग्णाचा हात खरोखर १२० अंश जात होता, पण तिरका उभा राहिल्याने चित्रात १२९ आला. तिसऱ्या आठवड्यात त्याने नीट उभे राहून छायाचित्र पाठवले, आता हात १२५ जातो आणि चित्रातही १२५ येतो. पाच अंश सुधारलेल्या रुग्णाच्या कागदावर चार अंशांची घसरण नोंदली जाते. त्यावरून व्यायामाचा जोर वाढवला गेला तर दुखावलेला सांधा चिडतो, वेदना वाढते, आणि मग खरोखरच घसरण सुरू होते.

उपाय कठीण नाहीत. फोन खांद्याच्या उंचीवर, निदान दोन मीटर अंतरावर, खुर्चीवर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर स्थिर ठेवावा. जमिनीवर टेप चिकटवून पायांची जागा कायम करावी. हात भिंतीस समांतर राहावा म्हणून पाठ भिंतीस टेकवून बाजूची उचल करावी. समोरून उचल मोजताना कॅमेरा बाजूस असावा. स्वतःकडील कॅमेरा वापरल्यास अनेक फोन चित्र आरशासारखे उलटे दाखवतात, त्यामुळे डाव्याचा उजवा होऊ शकतो. दुखऱ्या हाताच्या मनगटाला रुमाल बांधणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

बाह्य परिभ्रमणाचा प्रश्न

फ्रोझन शोल्डरमध्ये सर्वप्रथम आणि सर्वाधिक घटते ते बाह्य परिभ्रमण. त्याखालोखाल बाजूची उचल आणि मग अंतःपरिभ्रमण. ब्रिटिश वैद्य जेम्स सिरियाक्स यांनी सांगितलेला हा क्रम आजही तपासणीत आधारभूत मानला जातो. तेव्हा दूरस्थ पद्धतीस जर एकच हालचाल नीट मोजता यावयाची असेल तर ती हीच असावयास हवी. दुर्दैवाने तीच सर्वांत अवघड आहे.

कारण असे. बसलेल्या किंवा उभ्या रुग्णाने कोपर कुशीस टेकवून ९० अंशांत वाकवले आणि हात बाहेर फिरवला की पुढचा हात जमिनीस समांतर पातळीत फिरतो. समोरच्या कॅमेऱ्यास तो लांबीने कमी-अधिक होताना दिसतो, फिरताना नव्हे. आणि ओळंब्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या फोनच्या संवेदकास तर काहीच कळत नाही, कारण आडव्या पातळीत फिरणाऱ्या वस्तूचा उभ्या रेषेशी असणारा कोन बदलतच नाही. अंश दाखवणारे अ‍ॅप या स्थितीत जो आकडा देते तो एकतर चुंबकत्वमापकावर विसंबलेला असतो किंवा निव्वळ मनगटाच्या कलण्याचा असतो.

रुग्णास पाठीवर झोपवले की हा पेच सुटतो. दंड अंगालगत, जमिनीस समांतर. कोपर ९० अंशांत वाकवलेले आणि पुढचा हात छताकडे. या स्थितीत हात बाहेर फिरवला असता तो उभ्या प्रतलात खाली झुकतो आणि उभ्या रेषेपासूनचा त्याचा कल म्हणजेच बाह्य परिभ्रमणाचा कोन होतो. पुढच्या हातावर बांधलेला फोन तो थेट मोजतो. पायांकडून घेतलेल्या छायाचित्रातही तो दिसतो. दंडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवून तो पातळीत ठेवणे आणि कोपर कुशीपासून सुटू न देणे, एवढी काळजी पुरते. झोपलेल्या स्थितीत पाठ आणि धड यांच्या फसव्या हालचालीही बऱ्याच आटोक्यात येतात. एका स्थितीतील बदलाने तंत्रज्ञानाची अडचण दूर होते, याकडे साधनांच्या जाहिरातींत क्वचितच लक्ष वेधले जाते.

पाठीमागे हात नेण्याची हालचाल अंशांत मोजण्याचा खटाटोप न केलेलाच बरा. अंगठा कमरेच्या नाडीपर्यंत, पाठीच्या मध्यापर्यंत की पात्यांच्या मधोमध पोचतो, हे पाठमोऱ्या छायाचित्रात पाहून शब्दांत नोंदणे अधिक विश्वसनीय होय.

फसव्या हालचाली

वर जाण्याची इच्छा असलेले शरीर वाट शोधून काढते. बाजूने हात उचलताना रुग्ण विरुद्ध बाजूस कलतो, समोरून उचलताना कमरेत मागे वाकतो, खांदा कानाकडे ओढतो. धड १५ अंश कलले तर दंडावर बांधलेला फोन ते १५ अंश रुग्णाच्या खात्यावर जमा करतो, कारण तो उभ्या रेषेपासून मोजतो, धडापासून नव्हे. प्रत्यक्ष तपासणीत तज्ज्ञाचा दुसरा हात पात्यावर असतो आणि ही लबाडी बोटांना तत्काळ कळते. दूरस्थ तपासणीत तो हात नाही. त्याऐवजी खुर्चीच्या पाठीस पाठ टेकवणे, झोपून गुडघे मोडणे, किंवा हाताबरोबर धडाचाही कल मोजून वजा करणे हे मार्ग उरतात. यांत रुग्णाची अप्रामाणिकता नसते हे लक्षात घेतले पाहिजे. उलट आकडा वाढावा ही उपचारकर्त्याला खूश करण्याची त्याची धडपडच त्यामागे असते. ‘जास्तीत जास्त वर न्या’ या सूचनेपेक्षा ‘पाठ न सोडता जेथवर जाईल तेथवर न्या’ ही सूचना म्हणूनच अधिक योग्य ठरते.

अचूकतेची भाषा

अ‍ॅप किंवा संवेदकाच्या प्रशस्तिपत्रात बहुधा गोनिओमीटरशी असलेल्या सहसंबंधाचा आकडा दिलेला असतो. सहसंबंध म्हणजे सहमती नव्हे, हे मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकातील आपल्या बहुचर्चित लेखात दाखवून दिले. एखादे साधन प्रत्येक रुग्णाचा कोन १२ अंशांनी कमी दाखवत असेल तर त्याचा सहसंबंध निर्दोष येईल आणि तरीही त्यातील एकही आकडा खरा नसेल. म्हणून दोन पद्धतींतील सरासरी फरक आणि त्या फरकाची व्याप्ती पाहणे आवश्यक असते.

उपचाराच्या दृष्टीने याहून उपयुक्त प्रश्न असा : दोन नोंदींत किती अंशांचा फरक पडला म्हणजे रुग्णात खरोखर बदल झाला असे म्हणावे? मापनातील प्रमाण त्रुटी ४ अंश असल्यास, ९५ टक्के खात्रीसाठी तिला १.९६ ने आणि दोनच्या वर्गमुळाने गुणावे लागते. उत्तर सुमारे ११ अंश येते. म्हणजे अशा साधनाने एका आठवड्यात ६ अंशांची वाढ दाखवली तर ती वाढ आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही. त्रुटी २ अंशांवर आणली तर हीच मर्यादा साडेपाच अंशांवर येते. एकाच बैठकीत तीन वेळा मापन करून सरासरी घेणे, दिवसाची वेळ सारखी ठेवणे आणि गरम पाण्याचा शेक घेण्यापूर्वीच मोजणे, या साध्या गोष्टींनी ही त्रुटी कमी होते. घरून मोजण्याचा एक विशेष लाभ येथेच आहे. दवाखान्यात पंधरा दिवसांतून एक नोंद मिळते, घरून आठवड्यास तीन मिळू शकतात. सुट्या आकड्यापेक्षा अनेक नोंदींचा कल अधिक बोलका असतो.

जे दूरून कळत नाही

वरील सर्व पद्धती रुग्णाने स्वतःच्या बळाने केलेली हालचाल मोजतात. निदान मात्र बहुतांशी दुसऱ्याने करविलेल्या हालचालीवर उभे असते. स्वतःहून हात ७० अंशच उचलला जातो, पण तज्ज्ञाने उचलल्यास तो १७० जातो, तर सांधा मोकळा आहे आणि दोष रोटेटर कफ नावाच्या चार स्नायूंच्या समूहात किंवा मज्जातंतूत असण्याचा संभव आहे. दोन्ही प्रकारे हात ७० वरच अडला तर सांध्याचे आवरण आखडले आहे. पडद्यावर दोघांचाही कोन एकच दिसतो, आणि दोघांचे उपचार मात्र भिन्न आहेत. झोपून दुसऱ्या हाताच्या किंवा काठीच्या आधाराने दुखरा हात वर नेण्यास सांगितल्यास या प्रश्नाचे अंशतः उत्तर मिळते. तथापि हालचालीच्या टोकास सांधा चामड्यासारखा ताठ लागतो, स्नायू आवळल्याने अडतो की हाड हाडास लागते, हे हाताच्या स्पर्शाखेरीज समजत नाही.

यातील सर्वांत मोठा धोका खांदा मागच्या बाजूस निखळण्याचा. अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का यांनंतर असे घडते, बाह्य परिभ्रमण जवळजवळ शून्य होते आणि बाहेरून आकारात फारसा बदल दिसत नसल्याने ते फ्रोझन शोल्डर समजून महिनोन्महिने व्यायाम दिला जाण्याच्या घटना अस्थिव्यंगशास्त्रास परिचित आहेत. योग्य दिशांनी काढलेल्या क्ष-किरण चित्राशिवाय ही चूक उलगडत नाही. पहिली तपासणी प्रत्यक्षच असावी या आग्रहामागे हे कारण आहे.

शस्त्रक्रियेने रोटेटर कफ शिवलेल्या रुग्णाबाबत काळजीचे स्वरूप वेगळे आहे. पहिल्या काही आठवड्यांत त्याने हात स्वबळावर उचलणेच वर्ज्य असते. ‘किती वर जातो दाखवा’ ही मापनासाठी दिलेली सूचनाच टाका उसवण्यास कारण होऊ शकते. पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या खांद्याचेही तसेच; नातेवाइकाने हात ओढून वर नेल्यास दुखापत होते. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढलेल्या स्त्रियांमध्ये मात्र दूरस्थ मापन विशेष उपयोगी पडू शकते, कारण त्यांचा हात पुढे अनेक महिने आखडत जाण्याची भीती असते आणि किरणोत्साराच्या काळात तिकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. परंतु त्यांच्याचबाबत उघड्या खांद्याच्या छायाचित्राचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. बाही असलेल्या अंगाबरोबर बसणाऱ्या झंपरावरही दंड आणि कोपर पुरेसे स्पष्ट दिसतात. चेहरा चित्रात असण्याचे तर काहीच कारण नाही. अशा रुग्णांना छायाचित्राऐवजी फोनचा संवेदक वापरू देणे श्रेयस्कर.

नियम आणि नोंद

केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केलेली दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी होती. भौतिकोपचारतज्ज्ञांच्या व्यवसायास देशव्यापी वैधानिक चौकट लाभली ती २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने. रुग्णाची चित्रफीत ही वैयक्तिक माहिती असल्याने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचाही येथे संबंध येतो. दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना सांध्याच्या हालचालीतील घट हा एक घटक असतो. तेथे घरून आलेला आकडा ग्राह्य धरणे रुग्णाच्या आणि शासनाच्याही हिताचे नाही.

नोंद कशी करावी याकडे आतापर्यंत पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ‘उचल १२५ अंश’ एवढ्या नोंदीवरून पुढील तज्ज्ञास काहीही ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘डावा खांदा, समोरून उचल, पाठीवर झोपून, उजव्या हाताच्या आधाराने, दंडावरील फोनने तीन वेळांची सरासरी १२५ अंश, टोकास वेदना दहापैकी चार’ असे लिहिल्यास तोच आकडा उपयोगी पडतो. १९८७ पासून प्रचलित असलेल्या कॉन्स्टंट-मर्ली गुणपद्धतीत १०० पैकी ४० गुण हालचालीस आणि उरलेले वेदना, दैनंदिन कामे व ताकद यांस आहेत. यातील ताकदीचे गुण वगळता बाकीची माहिती फोनवरूनही घेता येते. रुग्ण सहा-आठ आठवड्यांनी प्रत्यक्ष येईल तेव्हा प्रथम त्याच्याकडून घरच्याच पद्धतीने मापन करून घ्यावे आणि लगेच गोनिओमीटरने मोजावे. दोहोंतील फरक कागदावर लिहून ठेवला की त्या रुग्णाच्या, त्या फोनच्या आणि त्या घरच्या पुढील नोंदी त्या फरकासह वाचता येतात.